सुटणे आणि सोडणे

मराठीत संयम सुटतो. तो कोणी सोडत नाही. 'काल माझा संयम सुटला' हे वाक्य मराठी घरात आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येते. 'काल मी संयम सोडला' असे म्हणणारा माणूस अजून सापडलेला नाही, आणि सापडलाच तर घरचे त्याला आधी बसवून पाणी देतील. सुटणे हे अकर्मक क्रियापद आहे. त्यात कर्त्याच्या जागी संयम असतो आणि माणूस 'माझा', 'ह्यांचा', 'त्यांचा' असा षष्ठीत जाऊन कडेला उभा असतो. गाडी सुटल्यावर फलाटावर राहिलेला प्रवासी जसा तिच्या शेवटच्या डब्याकडे पाहतो, तसा तो आपल्या संयमाकडे पाहतो.

सुटणाऱ्या गोष्टींची मराठीतली यादी लांब आहे. वारा सुटतो, घाम सुटतो, शाळा सुटते, कोडे सुटते, पुराव्याअभावी आरोपी सुटतो. तोंडाला पाणी सुटते आणि त्या पाण्याचे वेळोवेळी ऐकत गेल्यास यथावकाश पोट सुटते. यांतल्या एकाही घटनेला कोणी जबाबदार नसतो. पोटाला तर नाहीच. 'मी पोट वाढवले' असे कोणी म्हणत नाही. जणू आजवर कोणी ते दोरीने बांधून ठेवले होते आणि गाठच कच्ची निघाली. संयमाला भाषेने याच पंगतीत बसवले आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपले जाडजूड 'शास्त्रीय मराठी व्याकरण' काढले. मराठी माणसाने व्याकरणाचा हा उपयोग त्या दोघांची वाट न पाहता शोधला होता.

सोडणे हे याच्या उलट सकर्मक आहे आणि ते छाती पुढे काढून वापरतात. 'मी सिगारेट सोडली.' 'आम्ही साखर सोडली.' 'ह्यांनी रात्रीचा भात सोडला, बरं का.' इथे कर्ता ठणठणीत हजर असतो. तीन आठवड्यांनी त्याच सिगारेटची चौकशी करावी, तर उत्तर येते, 'पुन्हा सुरू झाली.' झाली. मृगाचा पाऊस सुरू होतो, तशी. सोडताना जी गोष्ट पूर्ण हातात होती, ती सुरू होताना आपली आपण सुरू होते.

प्रस्तुत नोंदीच्या लेखकाने यंदाच्या गुढीपाडव्याला साखर सोडली. मुहूर्त साडेतीनांपैकी एक असल्यामुळे निवडला होता. सकाळी साडेसातला कडुलिंबाची पाने चावता चावता त्याने घरात तशी घोषणा केली. त्या पानांबरोबर गूळ होता, पण गूळ म्हणजे साखर नव्हे, असा खुलासाही त्याने केला. खुलासा कोणी मागितला नव्हता. साडेबाराला पानात श्रीखंड आले.

'अहो, साखर सोडलीत ना?' पत्नीने विचारले.

'श्रीखंड चक्क्याचं असतं,' लेखक म्हणाला.

संकल्पाचे वय तेव्हा पाच तास होते. संध्याकाळी शेजारी चहाला बोलावणे होते. तिथे साखर किती, असे विचारल्यावर लेखकाने 'सोडलीये' असे सांगितले. कधीपासून, तर आजपासून. 'मग उद्यापासून सोडा की, आज सण आहे,' असे शेजारीण म्हणाली. या म्हणण्यात खोट काढता आली नाही. चहा गोड झाला होता.

माणसाचा संयम एकट्याने नीट सुटत नाही, त्याला दुसरे कोणी तरी लागते, हे मराठी समाजाने फार पूर्वी ओळखले आणि त्यासाठी आग्रह नावाची व्यवस्था उभी केली. तिचे मूळ ठिकाण लग्नामुंजीतली पंगत. जेवणारा नको म्हणतो, वाढणारा वाढतो आणि जेवणारा नाइलाजाने खातो. यात तिन्ही गोष्टी ठरलेल्या असल्या तरी पहिली गाळून चालत नाही. 'घ्या अजून एक' म्हटल्याबरोबर 'द्या' म्हणणाऱ्या माणसाची गावात चार वर्षे आठवण काढली जाते.

नको म्हणण्याचे काम तोंडापेक्षा हात करतो. पानावर आडव्या धरलेल्या हाताच्या अनेक अवस्था आहेत आणि मुरलेला वाढपी त्या पाच हात लांबून ओळखतो. बोटे जुळलेली, तळवा पानाला जवळजवळ टेकलेला आणि नजर वाढप्याच्या डोळ्यांत असली, तर नकार खरा आहे. असा हात मधुमेही माणसाचा किंवा अजून हॉलचे बिल चुकते न केलेल्या वधूपित्याचा असतो. बोटे फाकलेली असली, तर त्या फटींतून जिलबी मावेल का, याचा अंदाज घेण्याची जबाबदारी वाढप्यावर येते. हात पानाच्या वर वीतभर तरंगत आहे आणि मान शेजाऱ्याशी बोलण्यासाठी वळलेली आहे, ही सर्वांत प्रगत अवस्था. त्या हाताखालून परात रिकामी केली तरी तो हात हलत नाही.

'एकच घ्या.'

'नको हो, आता जागाच नाही.'

'अर्धी तरी. माझ्यासाठी.'

'बरं, अर्धी. पण आता मोडत बसू नका, तुमचे हात चिकट होतील.'

अशा रीतीने माणूस दुसऱ्याच्या हातांची काळजी म्हणून अख्खी जिलबी खातो. हात धुताना तो जे बोलतो, त्यावरून संस्थेचे यश कळते: 'मी नकोच म्हणत होतो, ऐकतायत कुठे!'

बुफेने या संस्थेचा घात केला. बुफेत कोणी कोणाला वाढत नाही. चमचा स्वतः उचलावा लागतो, गुलाबजाम स्वतः निवडावा लागतो, आणि तो आपल्याच हाताने आपल्याच ताटलीत ठेवताना लोक पाहत असतात. अकर्मक सुखाचा माणूस एकदम सकर्मक होतो. त्यावर उपाय निघाले नाहीत असे नाही. 'चव बघतो', 'हिच्यासाठी घेतोय', 'मुलगा टाकून देईल म्हणून संपवतोय', ही वाक्ये बुफेबरोबर जन्मली. मुलगा जेवून तासाभरापूर्वी पळालेला असतो, हा भाग वेगळा.

प्रस्तुत लेखकाची अशाच एका लग्नात फजिती झाली. गुलाबजामच्या टेबलामागे पांढरी टोपी घातलेला एक मुलगा उभा होता. त्याने 'गुलाबजाम?' असे विचारले. पंगतीत वाढलेल्या लेखकाने सवयीने 'नको' म्हटले आणि पुढच्या आग्रहाची वाट पाहिली. मुलाने मान डोलावली आणि मागच्या बाईंना वाढले. लेखक रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला. दुसऱ्या खेपेलाही 'गुलाबजाम?', 'नको', आणि मागचा माणूस पुढे. तिसऱ्या खेपेला मुलाने चमचा खाली ठेवला.

'काका, नकोय तर उभे कशाला राहता?'

मागून कोणी तरी हसले. लेखकाने सांगितले की तो आइस्क्रीमची रांग समजून उभा होता. मग त्याला आइस्क्रीमच्या रांगेत जाऊन उभे राहावे लागले, आणि तिथे जे मिळाले ते पिस्ता होते.

उपवासाचे प्रकरण भाषेच्या दृष्टीने अधिक गोड आहे, कारण उपवास सोडताही येतो आणि तो मोडतोही. सोडणे म्हणजे वेळेवर, रीतीने, नैवेद्य दाखवून संपवणे. ते माणूस करतो. मोडणे म्हणजे वेळेआधी संपणे. ते उपवास करतो. संकष्टीच्या दिवशी सकाळी सातला डब्याची आमटी ढवळताना चमचा तळहातावर टेकवून मीठ बघितले जाते. हात आयुष्यभराच्या सवयीने जिभेकडे जातो आणि मग ध्यानात येते की आज चतुर्थी आहे. चंद्रोदय रात्री नऊच्या सुमाराला. मधे चौदा तास उघडे पडलेले.

'मोडला हो!'

'थेंबभर तर होतं. चूळ भर, देव काही म्हणत नाही.'

'असं कसं? मोडला तो मोडला. येताना कोपऱ्यावरून वडे घेऊन या. चार आणा.'

थेंबाने मोडलेला उपवास वड्यांनी साजरा का होतो, यावर अमेरिकेत प्रयोग झालेला आहे. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग चव सांगण्याच्या निमित्ताने समोर आइस्क्रीम ठेवले. एरवी मोजूनमापून न खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, कारण पोट भरले होते. एरवी खाण्यावर करडी नजर ठेवणाऱ्या मुलींनी मात्र जास्त खाल्ले. नियम एकदा मोडला की पोट भरल्याचा हिशोब राहत नाही. मराठीत याला 'मोडलाच आहे तर' म्हणतात, आणि हे शोधायला कोणाला आइस्क्रीम घ्यावे लागले नव्हते.

न मोडलेल्या उपवासाची स्थितीही फार वेगळी नसते. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण काही परक्यांनी केलेली नाही. उपवासाच्या ताटात जे जे असते, त्यातला बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा बनतो तो टॅपिओका, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. काय खाऊ नये याच्या याद्या जेव्हा तयार झाल्या, तेव्हा या मंडळींचा इकडे पत्ताच नव्हता, त्यामुळे त्यांची नावे घालायची राहून गेली. आता ती घालायला कोणी धजत नाही. खिचडीवर बंदी आणणारा धर्माधिकारी आषाढीपर्यंत टिकणार नाही.

काही सैलपणाला पंचांगात तारीखच आहे. आषाढ अमावस्या ही मूळची दिव्यांची अमावस्या. घरातल्या समया, निरांजने चिंच लावून घासायची, पाटावर मांडून पूजा करायची, कणकेचे गोड दिवे उकडायचे. त्याच सकाळी घरातला कर्ता पुरुष पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत उभा असतो, कारण त्याच्या लेखी हा दिवस गटारी. उद्यापासून श्रावण, महिनाभर काही नाही, म्हणून आज सगळे. म्हणजे संयम पुढे पाळायचा आणि त्याची भरपाई आधीच वसूल करून घ्यायची. सरकारी खात्यात याला उचल म्हणतात. ती परत करावी लागते, इतकाच फरक. श्रावणाचा आणि ज्यांचा काही संबंध नाही, दुसऱ्याच बुधवारी जे हॉटेलात दिसतात, तेही गटारी चुकवत नाहीत.

इंदूर-भोपाळकडच्या मराठी माणसाची यात मोठी गोची होते. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावस्येला, त्यामुळे तिकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. मराठी माणूस गटारीचा रस्सा ढवळत असतो, तेव्हा शेजाऱ्यांचे दोन सोमवार होऊन गेलेले असतात. तो खिडक्या लावून घेतो. कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला खिडक्या अडवत नाहीत.

या नोंदीच्या पहिल्या ओळीला मात्र महाराष्ट्रात एक सणसणीत अपवाद आहे. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. मधून ओढा वाहतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाजंत्रीच्या साथीने, हातवारे करून, एकमेकींना यथेच्छ शिव्या घालतात. याला बोरीचा बार म्हणतात. पाहायला लांबून लोक येतात आणि बंदोबस्ताला पोलीस असतात. बार संपला की दोन्हीकडच्या बायका आपापल्या घरी जातात. तिथे कोणाचा संयम सुटत नाही. तो ठरल्या दिवशी, ठरल्या जागी, दिवसाढवळ्या सोडला जातो, आणि 'तिने मला बोलायला लावलं' असे नंतर कोणी सांगत बसत नाही. संयमाच्या बाबतीत इतका रोखठोक व्यवहार बाकीच्या महाराष्ट्राला जमलेला नाही. होळीला पालथ्या मुठीने बोंब ठोकायची मुभा आहे, पण शहरातली माणसे आता तीही मुलांकडून ठोकून घेतात.

शहरातल्या माणसासाठी वरात आहे. वरातीत नाचणारे दोन जातींचे: आधीपासून नाचणारे आणि ओढून आणलेले. पहिल्यांचा या नोंदीशी संबंध नाही, कारण त्यांच्याकडे सुटण्यासारखे काही नसते. दुसरा गट म्हणजे मामा, भाऊजी, बँकेतले काका, नवरदेवाचे साहेब. हे बँडच्या मागे, जनरेटरच्या गाडीपासून सुरक्षित अंतरावर, हातातला रुमाल घडी घालत चालतात. वरात चौकात थांबली की एक तरुण घामाघूम हात त्यांच्या मनगटाला येऊन भिडतो.

'चला हो भाऊजी!'

'छे छे, मला येत नाही.'

'इथे कुणाला येतं?'

या प्रश्नाला उत्तर नसते. भाऊजी फोटोपुरते जातात. पहिली दोन मिनिटे ते टाळ्या वाजवत जागच्या जागी गुडघे वाकवतात, जसे लोक लोकलमध्ये चढण्याआधी करतात. मग बँडवाला 'नागिन' धरतो. १९५४ सालच्या त्या चित्रपटाला संगीत हेमंतकुमारांचे होते आणि त्यातली ती पुंगी मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली होती. सापाला कान नसतात हे शाळेत शिकवतात. भाऊजींना असतात. घडी घातलेला रुमाल उलगडतो, त्याचे एक टोक दातांत जाते, दुसरे हातात, आणि समोर कोणी गारुडी झाला की भाऊजी नवीन पँटसकट डांबरी रस्त्यावर आडवे होतात. गुडघ्याला भोक पडते. नागाला त्याचे काही नसते.

त्यानंतर भाऊजींना बाहेर काढणे हे कार्यालयातला मुहूर्त गाठण्याइतकेच कठीण काम होऊन बसते. सासूबाईंनी दोनदा निरोप धाडलेला असतो. वधूपक्ष ओवाळणीचे ताट धरून दारात अवघडलेला असतो, ताटातला दिवा तिसऱ्यांदा विझलेला असतो. रात्रीची वरात असेल तर कायदा मदतीला येतो: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. दहाला पाच कमी असताना बँडवाला वाद्ये आवरतो, झांजा पोत्यात जातात. भाऊजी मग जनरेटरच्या आवाजावर नाचतात.

दुसऱ्या दिवशी ते एवढेच सांगतात, 'पोरांनी ओढलं.' प्रस्तुत लेखकाच्या अशा नागाची सतरा सेकंदांची चित्रफीत नातेवाइकांच्या तीन गटांत फिरते आहे. त्या दिवशी त्याने पन्ह्याशिवाय काही घेतले नव्हते. ही माहिती त्याच्या बाजूची म्हणून तो सांगत असे. ऐकणाऱ्यांचे चेहरे पाहून त्याने ती सांगणे बंद केले.

संयमाची शिकवण कमी पडते, असे म्हणता येणार नाही. अनेक देवळांत सभामंडपातच दगडी कासव बसवलेले असते. कासव जसे पाय आत ओढून घेते, तशी इंद्रिये आवरून घ्यावीत, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. ते आठवावे म्हणून ते तिथे. भाविक वाकून कासवाला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात आणि रांगेत तिघांच्या पुढे घुसतात.

'ओ काका, लाइन मागून आहे.'

'मी फक्त विचारायला चाललोय.'

काय विचारायला, हे गाभाऱ्यातल्या देवालाही आजवर कळलेले नाही.

जिभेचा संयम सुटण्यासाठी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेइतकी चांगली जागा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घेणे बंधनकारक. गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, माणसे न आल्यामुळे सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तेवढ्याच माणसांत सुरू होते. अहवाल, हिशोब, अंतर्गत तपासनिसांची नेमणूक इथपर्यंत सगळे जांभया देतात. विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय असतो: 'माननीय अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. सुटण्यालाही परवानगी, आणि तीही माननीयांची. याहून मराठी वाक्य सापडणे अवघड.

इथे वरातीतल्यासारखे ओढून आणावे लागत नाही, पण 'लावणे' लागते. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ, ज्यांनी चौदा वर्षांत लिफ्टमध्ये 'नमस्कार'पलीकडे शब्द काढलेला नाही, ते उठतात.

'मला बोलायला लावू नका.'

'नाही लावत,' सचिव म्हणतात. 'चहा आलाय, सभा संपवू या.'

'आता लावलंच आहे, तर बोलतो.'

मग चौथ्या मजल्यावरच्या कुंड्यांचे पाणी निघते. ते पाणी नेमके कोणत्या कुंडीतून, कोणत्या तारखेला, कोणत्या धुतलेल्या सदऱ्यावर पडले, हे गृहस्थ वही न बघता सांगतात. कुंड्यांवरून विषय जिन्यातल्या चपलांवर जातो, चपलांवरून पाहुण्यांच्या स्कूटरवर, स्कूटरवरून २०११ सालच्या रंगकामात कोणी किती खाल्ले यावर. चौथा मजलाही 'आम्ही इतके दिवस गप्प होतो' या वाक्याने सुरुवात करतो. हे वाक्य सभेत सरासरी सहा जण उच्चारतात, आणि इतके दिवस नक्की बोलत कोण होते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. चाळीस मिनिटांनी एक खुर्ची मोडते. ती कोणी मोडलेली नसते. बटाटेवडे गार होतात. सचिव इतिवृत्तात लिहितात: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली. सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.'

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच दोघे लिफ्टमध्ये भेटतात.

'काल जरा बोललो मी. राहवलं नाही.'

'नाही नाही, मलाही राहवलं नाही.'

'राहवणे' हे या कुळातले शेवटचे आणि सर्वांत सभ्य क्रियापद. व्याकरणकार त्याला शक्य क्रियापद म्हणतात. त्यात माणूस 'मला', 'त्यांना' असा चतुर्थीत बसतो. टपाल जसे घरी येते, तशी न राहवण्याची अवस्था त्याच्याकडे येते आणि त्याने फक्त पोच द्यायची असते. हसू आवरत नाही, बोलल्यावाचून राहवत नाही, समोरची भजी बघवत नाहीत. माफी मागण्यासाठी याहून सोयीचे साधन नाही, कारण यात माफी मागितली असे होत नाही आणि मागायची राहिली असेही होत नाही. बायको रागावली असेल तर मात्र हे क्रियापद चालत नाही. तिथे सरळ प्रथमेत यावे लागते: 'मी चुकलो.'

लेखकाच्या साखरेचे इतकेच सांगायचे राहिले आहे. पाडव्याचे श्रीखंड सणाचे होते, म्हणून ते धरायचे नाही. त्यानंतर आंब्याचा रस आला. आंब्यात साखर जात्याच असते आणि वरून घातलेली चमचाभर त्यात ओळखूही येत नाही. जूनच्या आसपास शेजारच्या मुलाला दहावीत ब्याण्णव टक्के मिळाले आणि पेढ्यांचा पुडा दारात आला.

'तोंड गोड करा, काका.'

'अरे, मी साखर सोडलीये.'

मुलाचा चेहरा पडला. ब्याण्णव टक्क्यांचा अपमान करण्याइतका दगडी संयम लेखकापाशी नव्हता. मुलाला बरे वाटावे म्हणून दोन पेढे खाल्ले गेले. मोडलाच आहे, तर संध्याकाळच्या चहातही साखर आली. सोडण्यापूर्वी लेखक चहात दीड चमचा साखर घालत असे. आता दोन पडतात.